पाटी-पेन्सिलीच्या आधी

जून महिन्यात शाळेच्या ओट्यावर एक दृश्य हमखास दिसते. वडील मुलाचा हात धरून पहिलीत नाव घालायला आलेले असतात. मुलाच्या डोक्याला तेल चोपडलेले, अंगात नवा सदरा, खिशाला नवी पेन्सिल. गुरुजी मायेने विचारतात, "नाव काय बाळा तुझं?" बाळ वडिलांच्या पायामागे दडते. गुरुजी टेबलावर चार खडू ठेवून विचारतात, "हे किती?" बाळ खडूकडे बघते, गुरुजींकडे बघते आणि भोकाड पसरते. मग वडीलच ओशाळून म्हणतात, "गुरुजी, आमच्या घरात शिकलेलं कोण न्हाई. त्याला कोण शिकवणार? आता तुमीच काय ते बघा."

मी बरीच वर्षे बालवाडीत काढली. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, कोण ते कधी म्हणणार हेही मला आधी कळू लागले होते. दर वेळी मनात येई की, या भल्या माणसाला हाताला धरून त्याच्याच घरी परत न्यावे आणि दाखवावे, "दादा, हे बघा, हे सूप, ही परात, हे कोंबडीचे खुराडे, ही तुमची म्हातारी आई. एवढे सामान असताना तुम्ही म्हणता शिकवायला कोणी नाही?"

आज तेच करायचा बेत आहे. तुमच्या घरात तीन ते सहा वर्षांचे मूल असेल, तर पुढचे तुमच्यासाठी आहे. तुम्हाला वाचता येत नसेल आणि हे कोणी तुम्हाला वाचून दाखवत असेल, तरी काही बिघडत नाही. यातल्या एकाही गोष्टीला अक्षर ओळख लागत नाही.

आधी एक सांगते. मूल पाच-सहा वर्षांचे होते तोवर त्याच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे नऊ-दशांश झालेला असतो. शाळेचा दाखला निघतो सहाव्या वर्षी, पण बी रुजते त्याच्या कितीतरी आधी. पेरणी चुकली तर पुढे खत घालून काही हाती लागते, नाही असे नाही, पण ओढाताण फार होते. हे शेतकऱ्याला मी काय सांगावे!

आता पहिले साधन म्हणजे धान्य. तुम्ही दुपारी सूप घेऊन तूर निवडायला बसता, तेव्हा पोरगे मध्ये मध्ये करते, हात घालते, सांडते. तुम्ही त्याला हाकलता. हाकलू नका. त्याच्यापुढे एक ताटली ठेवा. तिच्यात मूठभर हरभरा, मूठभर मका आणि मूठभर वाल मिसळा. तीन वाट्या द्या आणि म्हणा, "एकसारखे एका घरात घाल बघू." पहिल्या दिवशी ते पाच दाणे वेगळे करील आणि उठून जाईल. जाऊ द्या. आठवड्याने अर्धी ताटली करील. हळूहळू मका काढून मटकी घाला, मग मूग घाला, म्हणजे काम बारीक झाले. पुढे तांदळातले खडे. ज्या मुलाला मूग आणि मटकी नजरेने वेगळे करता येतात, त्याला पुढे 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' वेगळे करणे जड जात नाही. बारीक फरक हेरायची सवय डोळ्याला लागलेली असते. शिवाय चिमटीत दाणा धरताना अंगठा आणि दोन बोटे कामाला लागतात. हीच तीन बोटे पुढे पेन्सिल धरणार आहेत.

इथे एक इशारा देऊन ठेवते, आणि तो हलक्याने घेऊ नका. पेरणीसाठी आणलेले गुलाबी, निळे, हिरवे रंग लावलेले बियाणे मुलाच्या हाती कधीही देऊ नये. त्याला औषध लावलेले असते. फवारणीचा रिकामा डबा किंवा बाटली कितीही धुतली तरी ती खेळणे होत नाही. एरंडीच्या बिया, धोत्र्याची बोंडे, आणि ती लालभडक काळ्या टिपक्याची गुंज, दिसायला मोठी साजरी, पण पोटात गेली तर जिवावर बेतते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला धान्याचे दाणे खेळायला देऊच नयेत. नाकात, कानात घालते, नाहीतर घशात अडकते. त्याला कांदे आणि बटाटे द्या, लिंबे आणि वांगी द्या, तेही निवडणेच आहे. मोठ्या मुलासोबतही दाण्यांच्या खेळात कोणीतरी शेजारी बसलेले हवे. आणि पाच वर्षांच्या आत अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे खायलासुद्धा देऊ नयेत, कुटून द्यावेत.

दुसरे साधन पीठ. भाकरी थापताना पोराला एक लिंबाएवढा गोळा द्या. तो वळेल, चेपेल, साप करील, बैल करील, शेवटी काळीकुट्ट करून ठेवील. ती मेलेली भाकरी तव्याच्या कडेला भाजून त्यालाच खायला द्या, बघा चेहरा! तेवढे पीठ वाया जाते म्हणून कुरकुरणाऱ्या सासूबाई मी पाहिल्या आहेत. त्यांना मी सांगत असे की, बाजारात मुलांसाठी रंगीत माती विकत मिळते, ती या गोळ्यापेक्षा कितीतरी महाग पडते. पोळ्याच्या वेळी तर ओढ्याकाठच्या चिकणमातीचे बैल करायला बसवावे. शेंगा फोडणे, वाटाणे सोलणे, लसूण सोलणे, वातीसाठी कापूस पिंजणे, चिंध्यांना गाठी मारणे आणि सोडणे, या सगळ्याने हाताची ताकद वाढते.

हे इतके का सांगते? कारण आपल्याकडे उलटी घाई असते. तीन वर्षांचे झाले की त्याच्या हाती पाटी, आणि 'ग' गिरव म्हणून पाठीत धपाटा. त्या वयात मनगटाची हाडे अजून पुरती घट्ट झालेली नसतात. 'ग' काही नीट निघत नाही, मूल रडकुंडीला येते आणि अक्षराशी त्याची दुष्मनी होते ती कायमची. त्यापेक्षा परातीत बोटभर जाडीचा वाळूचा थर द्या. बोटाने त्यात उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल, नागमोडी पाट काढू द्या. पुसले की परत कोरे. अंगणात कोळशाने, भिंतीवर गेरूने ओढू द्या. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आईबरोबर रांगोळीचे ठिपके देऊ द्या. पाच वर्षांचे झाले आणि स्वतःच विचारू लागले की, "आई, माझं नाव कसं लिहायचं?", तेव्हा अक्षर दाखवावे. तेव्हा ते चार दिवसांत शिकते.

आणि ते डाव्या हाताने रेघ ओढत असेल, तर ओढू द्या. डावखुरेपण हा रोग नाही, अपशकुन तर नाहीच. हात बांधून ठेवणे, हातावर छडी मारणे असले प्रकार अजूनही कानावर येतात. जन्मतः जो हात पुढे येतो त्याने काम करू द्यावे.

आता मोजणीकडे वळू. पुष्कळ घरांत पाहुणे आले की पोराला उभे करतात आणि ते एक ते पन्नास घडाघडा म्हणते. पाहुणे खूश, घरचे खूश. मग मी हळूच म्हणायची, "बाळा, मला पाच भेंड्या आणून दे बरं." बाळ मूठभर आणायचे! पन्नासपर्यंत म्हणणे हे गाणे झाले. पाच म्हणजे किती हे कळणे ही मोजणी.

ती शिकवायला जेवणवेळ उत्तम. "आज जेवायला कोण कोण? आजा, आजी, बाबा, काका, तू आणि मी. प्रत्येकाला एक ताट मांड." आधी त्याला आकडा सांगूच नका. एका माणसामागे एक ताट, एका ताटामागे एक वाटी, हे त्याला हाताने करू द्या. एक ताट कमी पडले तर तुम्ही सांगू नका, त्यालाच हुडकू द्या कोण राहिले ते. काका गावाला गेले असतील तर एक ताट उरते. उरणे आणि कमी पडणे, सगळ्या गणिताचे मूळ यातच आहे. संध्याकाळी शेरडे घरी आली की दावणीला किती, कोकरे किती, हे त्याच्याकडून मोजून घ्या. एका एका शेळीला हात लावून मोजायचे. हात न लावता मोजले की एकच शेळी दोनदा मोजली जाते. मोठ्यांचीही जाते.

माझा सगळ्यात आवडता खेळ खुराड्याचा आहे. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली अंडी ठेवताना मुलाला बरोबर घ्या. अंडी त्यालाच मोजून देऊ द्या, समजा नऊ. मग खुराड्याजवळच्या भिंतीवर गेरूने एक रेघ ओढायला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी रेघ. रोज एक, अशा सात रेघा झाल्या की खाली नवी ओळ. तीन ओळी भरल्या, म्हणजे एकवीस दिवस झाले की पिल्ले निघतात. कधी एखादा दिवस मागेपुढे. किती निघाली? सात. मग किती वाया गेली? का गेली असतील? एवढ्या एका खेळात मोजणी आली, आठवडा आला, वाट पाहणे आले, आणि रोज आठवणीने एक काम करणे आले. दोन अंडी का फुटली नाहीत या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला देता आले नाही तरी चालेल. "मला बी ठावं न्हाई, आपण डॉक्टरला इचारू," असे आईबापांनी म्हटले की मुलाच्या मनातली भीती जाते. कोंबड्या नसतील तर नारळाच्या करवंटीत माती घालून मेथी टाका. चार-पाच दिवसांत कोंब वर येतात. एक करवंटी उजेडात ठेवा, दुसरी टोपल्याखाली झाकून ठेवा, आठ दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवा आणि गप्प बसा. झाकलेली रोपे पिवळी आणि लांबडी का झाली, हे तेच तुम्हाला विचारील.

जड-हलके शिकवायला दोन करवंट्या, सुतळी आणि एक काठी पुरते. त्याबद्दल फार सांगायला नको, मुले आपणच तासन्‌तास तोलत बसतात.

सगळ्यात मोठे आणि सगळ्यात फुकट साधन म्हणजे बोलणे. याच्यावर मात्र थोडे थांबते. आपण मुलांशी बोलतो, पण काय बोलतो ते एक दिवस ऐकून बघा. "इकडं ये. तिकडं जाऊ नको. जेव लवकर. गप बस. हात लावू नको." दिवसभर हुकूम. हुकमाला उत्तर नसते. ज्या मुलाला घरात उत्तर द्यायचा सराव नाही, ते गुरुजींपुढे तोंड कसे उघडणार?

मी पाहिलेली एक आई आठवते. स्वतः शाळेची पायरी न चढलेली. म्हशीची धार काढताना पोरगी जवळ बसायची. आई म्हणायची, "काल चरवी भरली व्हती, आज का गं भरली न्हाई?" पोरगी म्हणायची, "रेडकू प्यालं." "आणि?" "आणि पेंड संपली." "मग उद्या काय करायचं?" बस्स, एवढेच. पण ही पोरगी बालवाडीत आली ती सगळ्यांना प्रश्न विचारतच आली. आईने तिला काय शिकवले होते? कारण शोधायला शिकवले होते. ज्या प्रश्नाचे उत्तर नुसते हो किंवा नाही असे येते तो प्रश्न कमी विचारावा. "जेवलास का?" पेक्षा "आज ताटात काय काय होतं?" हा प्रश्न चांगला.

आणि बोली? ती तुमच्या घरची जी असेल ती. अहिराणी असो, वऱ्हाडी असो, मालवणी असो, कोरकू असो की गोंडी, मुलाशी त्याच भाषेत भरभरून बोला. "शाळेत असं बोलशील तर हसतील" म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. घरच्या भाषेत ज्याचा साठा मोठा, त्याला पुस्तकाची भाषा लवकर येते. बांधावरच्या झाडांची, गवतांची, पाखरांची नावे तुमच्या बोलीत जेवढी आहेत तेवढी बहुधा पाठ्यपुस्तकातही नसतील. ती द्या त्याला.

गोष्ट सांगणे आजीकडे सोपवा, पण आजीला एक सुचवा. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचे आणि विचारायचे, "मग कोल्ह्यानं काय केलं असेल?" मूल जे सांगेल ते ऐकायचे, चूक म्हणायचे नाही. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलाने आजीला सांगायची.

हे सगळे मी काही नवे सांगत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरातल्या बालमंदिराची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा या बाईंनी खडे, शंख-शिंपले, पाने, बिया, काड्या अशी परिसरात मिळेल ती साधने हाती घेतली. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द आला. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली गेली. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगावच्या तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. म्हणजे ज्या अंगणवाडीत तुम्ही पोराला नुसते खिचडीसाठी धाडता, तिच्या नावातच शिक्षण आहे. सेविकाताईंना जाऊन विचारा, "आज काय खेळ घेतला? घरी काय घेऊ?" कोणी विचारणारे असले की शिकवणाऱ्यालाही हुरूप येतो.

"बाई, वेळ कुठाय?" हा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. खुरपणीच्या दिवसांत पहाटे चारला उठणाऱ्या बाईला मी वेगळा वेळ काढ असे सांगणार नाही, माझी तशी छातीच होणार नाही. वर सांगितलेल्यात एकही काम जास्तीचे नाही. निवडणे, थापणे, वाढणे, धार काढणे हे होतेच. पोराला तिथून हाकलायचे नाही, एवढाच फरक. आणि हे काम एकट्या आईचे का? वडिलांनी बैलजोडीला किंवा ट्रॅक्टरला हात लावताना चार शब्द बोलावेत, वैरण टाकताना पेंढ्या मोजून घ्याव्यात. विहीर, शेततळे आणि मळणी यंत्र यांच्यापासून मात्र दूर ठेवून. हल्ली पोर रडले की त्याच्या हातात मोबाईल देऊन आई-बाप मोकळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला एका तासापेक्षा जास्त बसवू नये, जितके कमी तितके बरे. आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अजिबात नको. मोबाईल बोलतो खूप, पण पोराचे ऐकत नाही.

शेवटी कानाचा एक खेळ सांगते, त्याच्यामागे हकिकत आहे. मुलाला डोळे मिटून बसवायचे आणि मागून आवाज करायचा. घुंगरू, पितळी तांब्यावर चमचा, सुपात ज्वारी, वाळलेल्या पानांचा चुरा. कशाचा आवाज, कुठल्या बाजूने आला, ते मुलाने सांगायचे.

आमच्या गावात एका घरी चार वर्षांची नात होती. सगळे म्हणत, पोरगी भारी हट्टी, हाक मारली तर ढिम्म हलत नाही. त्यापायी तिने मारही खाल्ला होता. मी आजीला हा खेळ दाखवला. उजवीकडून ज्वारी हलवली की पोरगी हसून बोट दाखवी. डावीकडून हलवली की तशीच बसून राही. आजीने तीनदा करून बघितले आणि तिच्या हातातले सूप खाली आले. पोरगी हट्टी नव्हती, तिला ऐकूच येत नव्हते. डावा कान वर्षभर अधूनमधून वाहत होता आणि घरचे त्यात कोमट तेल घालत होते. वाहत्या कानात तेल कधी घालू नये, पण कोणी सांगितलेच नव्हते.

अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा येते. २०१३ पासून ही सोय आहे. त्या पथकातल्या डॉक्टरांनी पोरीला तपासले आणि पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे धाडले. औषध झाले, पाणी कानात जाऊ द्यायचे नाही असे बजावले गेले, दोन-तीन खेपा झाल्या. कान कोरडा झाला आणि ऐकणे बरेच सुधारले. तुमचेही मूल हाकेला ओ देत नसेल, बोलायला फार उशीर करत असेल, किंवा धान्य निवडताना अगदी डोळ्यापाशी दाणा नेत असेल, तर त्याला रागावण्याआधी अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

ती पोरगी आता शाळेत जाते. बाईंना सांगून तिला वर्गात पुढे, उजवा कान बाईंकडे येईल अशी बसवली आहे. आजी मात्र अजूनही अधूनमधून तिच्या डाव्या बाजूला जाऊन सुपात हळूच चार दाणे हलवून बघते. पोरगी मागे न बघताच म्हणते, "आज्जे, ज्वारी न्हाई ती, बाजरी हाय."